स्टेअरिंग हालतंय? पहिले देख, मंग खोल



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा, हे गाडीवरचं होतं की शेतीवरचं.

परवा गावातला एक पोरगा त्याची जुनी जीप घेऊन खळ्यात आला. म्हणाला, "नाना, पन्नास-साठला गेली की स्टेअरिंग भलतंच हालतं. डॅम्पर टाकू का? हजार-दोन हजारात काम होईल म्हणतात." मी म्हटलं, "बस खाली, आधी चहा पी. डॅम्पर कुठं पळून जात नाही." त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. कारण हीच चूक मी स्वतः केली आहे, आणि ती पैशाने भरून निघण्यासारखी होती हे माझं नशीब.

आमचं शेत नाल्यापलीकडे. पावसाळ्यात काळ्या मातीत साधी गाडी जात नाही. ट्रॅक्टर नाहीतर फोर बाय फोर, तिसरं काही नाही. म्हणून चौदा वर्षांपूर्वी जुनी जीप घेतली. पुढे एकसंध आडवा एक्सल, पुढे-मागे पाटे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची जी ठेवण होती तीच. अशी गाडी मजबूत असते आणि बांधावर, नाल्यात, नांगरटीत कुठंही जाते. पण तिचा एक स्वभाव आहे. पुढची दोन्ही चाकं एकाच एक्सलवर आणि एकाच टायरॉडने बांधलेली, त्यामुळे एका चाकाला लागलेला हिसका दुसऱ्यालाही मिळतो. सगळं घट्ट असेल तर तो हिसका तिथंच मरतो. कुठं ढिलं असेल तर डावं-उजवं, डावं-उजवं असा झोका सुरू होतो आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही.

माझ्या गाडीला दिवाळीच्या आधी बारीक थरथर सुरू झाली. साठच्या आसपास यायची, सत्तरला निघून जायची. मी बॅलन्सिंग करून घेतलं. सहाशे रुपये गेले, थोडा फरक पडला. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. कोणी म्हणालं टायर जुने झाले. पुढचे दोन टायर नवे टाकले, अकरा हजार गेले. आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली. मग पुन्हा. मग कोणी म्हणालं स्टेअरिंग डॅम्पर बसव. अठ्ठावीसशे रुपये. थरथर एकदम गायब! मी गावभर सांगत फिरलो की डॅम्पर टाका, प्रश्न मिटतो.

सव्वा महिना बरा गेला. मग एक दिवस मालेगावहून ठिबकचं सामान घेऊन येत होतो. लळिंगजवळच्या उतारावर पुलाच्या जोडाचा एक दणका बसला आणि पुढची चाकं अशी काही हालायला लागली की स्टेअरिंग हातातून निसटलं. थरथर नाही मंडळी, थैमान. बोनेट डावी-उजवीकडे फेकलं जात होतं. पुतण्या शेजारी बसला होता, तो ओरडला, "काका, ब्रेक मारा!" मागून ट्रक येत होता. मी ब्रेक मारला नाही, अॅक्सिलेटर सोडला आणि स्टेअरिंग नुसतं धरून ठेवलं. अक्कल होती म्हणून नव्हे, पाय गारठला म्हणून. वेग तिसाच्या खाली आला तेव्हा ते आपोआप थांबलं. कडेला गाडी लावून दहा मिनिटं आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

नंतर कळलं की तेच बरोबर होतं. असा झोका सुरू झाला की जोरात ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंगशी झटापट करायची नाही. घट्ट धरायचं, अॅक्सिलेटर सोडायचा, गाडी हळूहळू मंदावू द्यायची आणि कडेला घ्यायची. आणि "थांबलं ना, चला" म्हणून पुन्हा तशीच पळवायची नाही.

पण रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या कारणाने. वेचणीचे दिवस होते. रोज सकाळी त्याच गाडीत मागे आठ-दहा बाया बसून शेतात यायच्या. काही जणींबरोबर लेकरं असायची. डॅम्पर टाकून मी जी गाडी दुरुस्त समजत होतो, ती दुरुस्त झालीच नव्हती. फक्त तिचं कण्हणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे गेलो. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेला माणूस. गाडी पन्नासच्या वर न नेता, एकटाच गेलो. मी म्हटलं, "जिभाऊ, काय टाकायचं ते टाका, पण हे बंद करा." त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. म्हणाले, "पहिले देख, मंग खोल." आणि प्रश्न विचारायला लागले. किती वेगाला हालतं? आपोआप हालतं की खड्डा लागल्यावर? ब्रेक दाबल्यावर वाढतं का? हातात जाणवतं की बुडाखाली? वेग वाढवला की जातं का? गाडीला मागे काय काय केलं? शेवटच्या प्रश्नाला मी तिन्ही खर्च सांगितले. ते हसले. म्हणाले, "म्हणजे तीन औषधं मारली, आणि रोग कोणता ते अजून माहीत नाही."

मंडळी, हे वाक्य मला लागलं. कारण कपाशीचं पान लाल झालं की मी लोकांना हेच सांगतो.

लाल्याचंच घ्या. पान लाल पडलं म्हणजे एकच रोग नसतो. मॅग्नेशियम कमी असलं तरी लाल होतं, नत्र कमी पडलं तरी होतं. बोंडं भरताना झाडाची मागणी वाढते आणि मुळं पुरवू शकत नाहीत तेव्हा होतं. पाण्याचा ताण पडला तरी होतं, पाणी साचलं तरी होतं. रात्री थंडी वाढली तरी होतं. तुडतुड्यांनी रस शोषला तरी कडा लाल होतात. लक्षण एक, कारणं सात. शिरा हिरव्या आणि मधलाच भाग लाल, तोही खालच्या जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियमकडे बघायचं. कडा खाली वळल्या असतील तर पान उलटून तुडतुडे बघायचे. हे न बघता आपण काय करतो? दुकानात जातो, "लाल्या आलाय" म्हणतो, आणि तीन बाटल्या एका पंपात टाकून मारून येतो. बरं झालं तर कशाने झालं ते कळत नाही. नाही झालं तर कशाने नाही तेही कळत नाही.

स्टेअरिंग हालणं हा गाडीचा लाल्या आहे. म्हणून आधी लक्षण नीट वाचायला शिका. मला जे शिकायला मिळालं ते सांगतो.

वेग वाढला की बारीक थरथर येते, एका ठराविक वेगात जास्त आणि पुढे कमी: हे बहुतेक चाकाचं दुखणं. बॅलन्सिंग, वाकलेली रिम, टायरला आलेला फुगा. आणि आपल्याकडचं खास कारण म्हणजे रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेली काळी माती. अर्धा किलो चिकणमाती एका बाजूला चिकटली की चाकाचा तोल गेलाच. बॅलन्सिंगला जायच्या आधी रिम आतून धुवा. नाहीतर मातीसकट बॅलन्स करून येता, आणि माती पडली की पुन्हा थरथर.

अगदी हळू, दहा-वीसच्या वेगातही गाडी डुलल्यासारखी चालते: टायर आतून सुटलाय, रिम वाकलीय किंवा चाकाचे नट ढिले आहेत. नट सगळ्यात आधी बघा. ते ढिले असतील तर बाकी काही बघायच्या आधीच चाक निघून जाईल.

खड्डा किंवा पुलाचा जोड लागला की एकदम जोरात झोका, आणि वेग कमी करेपर्यंत थांबतच नाही: हे ढिलेपणाचं लक्षण. किंगपिन, टायरॉड एंड, ड्रॅग लिंक, हबचं बेअरिंग, पाट्याचे बुश आणि शॅकल, यू बोल्ट, किंवा एक्सलचा कोन. माझं दुखणं हे होतं. हेच सगळ्यात धोक्याचं.

फक्त ब्रेक मारल्यावर हालतं: ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वाकडा झालाय. तरी पाटे आणि यू बोल्ट एकदा बघून घ्या, ब्रेकचा जोर एक्सलवर येतो.

हालत नाही, पण गाडी रस्त्यावर इकडे-तिकडे पळते, सारखी सावरावी लागते: टोइन, स्टेअरिंग बॉक्समधला खेळ, हवेचा फरक, किंवा एक्सलचा कोन.

हातात कमी आणि सीटखाली जास्त जाणवतं: मागची चाकं किंवा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस बघा. अॅक्सिलेटर दाबला की वाढतं आणि सोडला की कमी होतं, तर शाफ्टचा संशय जास्त.

आणि फोर बाय फोर लावून वळताना स्टेअरिंगला झटके बसत असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे. या जुन्या गाड्यांचं फोर बाय फोर चिखलासाठी आणि वाळूसाठी आहे. डांबरावर आलं की काढून टाकायचं.

आता तपासण्या. याला एक जॅक, एक टॉमी, खडू, टेप आणि घरचा एक माणूस लागतो. आधी सुरक्षेचं: जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. खाली घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे द्या. विटा देऊ नका, वीट एकदम फुटते.

१) हवा. चारही चाकांची हवा थंड असताना मोजा. नदीची वाळू ओलांडायला आपण हवा कमी करतो आणि डांबरावर आल्यावर भरायची विसरतो. पुढच्या दोन चाकांत फरक नको.

२) चाकं बदलून बघा. पुढची मागे, मागची पुढे. थरथर हातातून सीटखाली गेली तर दोष चाकात. तशीच राहिली तर चाकाला दोष देऊ नका. ही तपासणी फुकट आहे. मी ही केली असती तर अकरा हजार वाचले असते.

३) चाकं जमिनीवर असताना घरच्या माणसाला स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं सारखं हालवायला सांगा. चार बोटं इतकंच. तुम्ही बाहेरून वाकून एकेक जोड बघा. स्टेअरिंग बॉक्सपासून सुरू करा: बॉक्स चेसिसवर हालतो का, बोल्टाजवळ चेसिसला तडा आहे का. मग ड्रॅग लिंक, मग टायरॉडची दोन्ही टोकं. जोडावर हाताचा पंजा ठेवला की डोळ्याला न दिसणारा खेळही कळतो. बोटं मात्र सांध्यात घालू नका.

४) एक चाक उचला. वर आणि खाली धरून आत-बाहेर हालवा. खेळ लागला, तर घरच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हालवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हबचं बेअरिंग ढिलं. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन. एवढ्या साध्या युक्तीने दोन रोग वेगळे होतात, हे मला वयाच्या पन्नाशीत कळलं. मग चाक डावी-उजवी बाजू धरून हालवा. फक्त तिथंच खेळ असेल तर टायरॉड आणि लिंक बघा.

५) चाक उचललेलंच असताना रिमजवळ जमिनीवर एक काडी उभी करून चाक फिरवा. काडी आणि रिममधलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे. मग काडी टायरजवळ आणा. रिम सरळ आणि टायर वाकडा असेल तर टायर, रिमच वाकडी असेल तर रिम. फिरवताना खरखर आवाज आला तर बेअरिंग खोला.

६) पाटे. यू बोल्ट घट्ट आहेत का, मधला सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला तर नाही ना, बुश आणि शॅकलमध्ये टॉमी घालून खेळ बघा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रबरी बुश चिरतात. वरून बघून कळत नाही, टॉमी घातल्यावरच कळतं.

७) टोइन. गाडी थोडी पुढे चालवून थांबवा. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर खडूने खूण करा आणि पुढच्या बाजूने अंतर मोजा. मग खूण मागे येईपर्यंत गाडी ढकला आणि तेवढ्याच उंचीवर मागून मोजा. पुढचं अंतर किती कमी हवं ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतं, गोष्ट काही मिलिमीटरची असते. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका.

८) एक्सलचा कोन, ज्याला कास्टर म्हणतात. सायकल हात सोडून चालवली तरी सरळ जाते, त्यात पुढच्या फोर्कच्या तिरकसपणाचा मोठा हात असतो. जीपच्या किंगपिनलाही तसा तिरकसपणा दिलेला असतो, म्हणून वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. गाडी उंच करायला लांब शॅकल किंवा जादा पाटे टाकले की एक्सल फिरतो आणि हा कोन बिघडतो. पाटे बदलल्यानंतर हालायला लागलं असेल तर हाच संशय आधी घ्या. एक्सलखाली योग्य कोनाची पाचर टाकून तो दुरुस्त होतो, पण ते मोजून. अंदाजाने नाही.

माझ्या गाडीत चौथ्या तपासणीला डाव्या चाकाचा खेळ ब्रेक दाबूनही राहिला. किंगपिनचं बेअरिंग खाल्लेलं. तिसऱ्या तपासणीला ड्रॅग लिंकचं टोक ढिलं सापडलं. त्याचं रबर फाटलेलं होतं. पऱ्हाटीच्या खुंटांतून गाडी घालतो ना आपण, त्या खुंटांनी ते फाडलं. एकदा रबर फाटलं की आत धूळ आणि नाल्याचं पाणी जातं, ग्रीस धुतलं जातं, आणि सांधा स्वतःला खात बसतो. किंगपिनला ग्रीस मारून किती दिवस झाले विचारलं तर मला आठवेना. दोष गाडीचा नव्हता, गॅरेजचाही नव्हता. दोष माझा होता.

मग नव्या टायरने आणि डॅम्परने फरक का पडला? हा झोका सुरू व्हायला दोन गोष्टी लागतात: एक ढिलेपणा, दुसरा धक्का. नवे टायर आले तेव्हा चाकाचा रोजचा बारीक धक्का कमी झाला. डॅम्परने लहान धक्के गिळले. ढिलेपणा मात्र आत होता तसाच होता, रोज वाढत होता. लळिंगला मोठा धक्का आला तेव्हा तो डॅम्परला गिळता आला नाही.

डॅम्परला मी नावं ठेवत नाही. विमानाच्या पुढच्या चाकालाही अशीच थरथर होते, आणि त्यासाठी बऱ्याच विमानांत डॅम्पर दिलेला असतो. ज्या गाडीत कंपनीने दिलाय त्यात तो चांगला असलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ढिला सांधा झाकायला डॅम्पर वापरू नका. तसंच काही जण स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून खेळ काढतात. खेळ बॉक्सचा नसेल तर काही उपयोग नाही, आणि जास्त आवळला तर स्टेअरिंग मधोमध जड होऊन अडकतं. तो रोग पहिल्यापेक्षा वाईट.

दुरुस्तीला बेअरिंगचे सेट, शिम, दोन टोकं आणि मजुरी धरून सहा हजार दोनशे लागले. आधी उडवलेले चौदा हजार चारशे. आणि तपासणीचे त्या मिस्तरींनी पाचशे वेगळे सांगितले. खरं सांगतो, माझ्या तोंडातून निघालं, "नुसतं बघायचे पाचशे?" ते म्हणाले, "बघायचेच पैसे असतात भाऊ, पाना तर कोणीही फिरवतो."

माझं आजचं मत इथंच आहे. आपण मिस्तरींना नावं ठेवतो की ते नुसते पार्ट बदलत राहतात. पण आपण त्यांना बघायचे पैसे देतो का? नवा टायर घेताना अकरा हजार काढून देतो. दीड तास खाली वाकून खेळ शोधला, आणि काही न बदलता दहा रुपयांचं ग्रीस मारून गाडी परत दिली, तर आपण चहाच्या पैशात उरकतो. मग त्याने काय करावं? तो पार्ट विकणारच. कृषी दुकानाचंही तेच. सल्ला फुकट मागतो, म्हणून त्याची किंमत बाटलीत लावली जाते. फुकटचा सल्ला आपल्याला सगळ्यात महाग पडलाय, शेतातही आणि गाडीतही.

म्हणून मी तीन नियम केले आहेत. एक, फुकटच्या तपासण्या आधी, खर्च नंतर. दोन, एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत तारखेसह लिहायचा. तीन, तपासणीचे पैसे वेगळे द्यायचे, घासाघीस न करता.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्ही सुटला नाहीत. तपासण्या ह्याच, फक्त नावं थोडी वेगळी: पुढच्या एक्सलची मधली पिन आणि तिचे बुश, स्टब एक्सलचे बुश, टायरॉडची टोकं, हबची बेअरिंगं. शेतात वेग कमी म्हणून हे ढिलेपण कळत नाही. कळतं ते मालाने भरलेली ट्रॉली घेऊन आग्रा रोडला किंवा सुरत-नागपूर रोडला लागल्यावर. त्यात ट्रॉलीचा भार हुकावर जास्त पडला किंवा मागे रोटाव्हेटर लटकला की पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टेअरिंगला पकड राहत नाही. पुढची वजनं शोभेची नसतात. वेचणी आणि कांद्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक सकाळ यासाठी काढा.

आणि कृषीतली जी साहेब मंडळी हे वाचतात त्यांना विनंती. आपण माती परीक्षण करा, पान उलटून बघा असं शिकवता. तसाच एक दिवस गावात जॅक लावून ट्रॅक्टर-जीपची तपासणी दाखवा. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांचं प्रशिक्षण देणारी संस्था १९५५ पासून आहे, पण प्रत्येक शेतकरी तिथवर जाऊ शकत नाही. गावात असा वर्ग भरला तर मी पहिल्या रांगेत बसेन. लागली तर माझी गाडी उचलून दाखवायला देईन.

त्या पोराचं काय झालं ते राहिलंच. चहा झाल्यावर आम्ही दोघांनी त्याची जीप उचलली. किंगपिन ठणठणीत, बेअरिंग चांगलं, टोकं चांगली. उजव्या चाकाच्या रिममध्ये आतून ओंजळभर माती, आणि डाव्या चाकात हवा चांगलीच कमी. माती खरवडली, धुतलं, हवा भरली, आणि तो सत्तरने चक्कर मारून आला. स्टेअरिंग हाललं नाही. खर्च शून्य. मी म्हटलं, "बरं झालं म्हणून सोडू नकोस, महिन्याने पुन्हा उचलून बघ." त्याने वहीत तारीख लिहिली.

तुमची गाडी कोणत्या वेगाला आणि कधी हालते, ते खाली लिहा. काय टाकलं ते नंतर सांगा, आधी लक्षण सांगा.

राम राम.